अपुरं काम घेऊन या

मागच्या अंकात मी आमच्या विद्यापीठातल्या बुधवारच्या बैठकीबद्दल लिहिलं होतं. दर पंधरवड्याला कुठल्यातरी विभागातलं कुणीतरी येतं, पंधरा मिनिटं आपल्या संशोधनाबद्दल बोलतं आणि पुढचा पाऊण तास इतर विभागांतली माणसं त्याला प्रश्न विचारतात. विद्यार्थी, प्राध्यापक, प्रयोगशाळा सहायक, ज्याला यावंसं वाटेल तो येतो. पेपरवाचन नाही, सत्कार नाही, प्रमाणपत्र नाही. मी सांख्यिकी शिकवते आणि अठरा वर्षं ही बैठक सांभाळते आहे. त्या लेखावर बरीच पत्रं आली. त्यांतली सहा इथे घेते.

प्रश्न : मॅडम, मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मातीतल्या जिवाणूंवर काम करते. पुढच्या महिन्यात सगळ्या विद्यापीठासमोर बोलायचं आहे. समोर कायद्याचे, संगीताचे, गणिताचे लोक असणार. सर म्हणतात, ‘सोपं करून सांग.’ पण सोपं केलं की त्यात माझं काम उरतच नाही, शाळेतला धडा होतो. काय करू?

तुला सरळ ‘तू’ म्हणते, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस. सरांचा सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. सोपं करायचं म्हणजे नेमकं काय काढायचं, हे कुणी सांगत नाही. मग आपण हमखास अडचण काढून टाकतो आणि निष्कर्ष तेवढे ठेवतो. तुझ्या विभागाबाहेरच्या माणसाला निष्कर्षांचा उपयोग सगळ्यांत कमी. अमुक जिवाणू तमुक खताने वाढले, हे ऐकून संगीताचा अभ्यासक मान डोलावेल आणि घरी जाईल. त्याला तुझी अडचण दे. कुठे घोडं अडलंय ते सांग. ते त्याला लगेच कळेल, कारण त्याच्या कामातही त्याचं कुठेतरी अडलेलं असतंच.

तुझ्या विषयातली एक अडचण मला चांगली माहीत आहे, कारण ती फिरत फिरत माझ्या विषयातून गेली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मातीत जेवढे जिवाणू दिसतात, त्यांतले बहुसंख्य प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. जनुकीय चाचणी करावी तर चिमूटभर मातीतून इतके प्रकार निघतात की त्यांतले कितीतरी एकेकदाच सापडतात. मग जे सापडलेच नाहीत ते किती? हा प्रश्न अलेक्झांडर कॉर्बेट नावाच्या कीटक अभ्यासकाला फुलपाखरांबद्दल पडला होता. मलायातल्या त्याच्या संग्रहात ११८ जातींचं एकेकच फुलपाखरू होतं, ७४ जातींची दोन-दोन. पुन्हा तेवढाच काळ जाळं घेऊन फिरलो तर नव्या जाती किती मिळतील? त्याने हे सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांना विचारलं, आणि १९४३ मध्ये सी. बी. विल्यम्स यांच्यासह तिघांचा शोधनिबंध आला. सगळी किल्ली त्या एकेकदाच सापडलेल्यांत आहे. एकदाच हाती लागलेल्या जाती जितक्या जास्त, तितकं अजून हाती न लागलेलं जास्त.

पुढे १९७६ मध्ये ब्रॅडली एफ्रन आणि रोनाल्ड थिस्टेड यांनी हाच हिशोब शेक्सपिअरला लावला. त्याच्या सगळ्या लेखनात ३१,५३४ वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांतले १४,३७६ फक्त एकदाच येतात. त्यावरून त्यांनी अंदाज काढला की त्याला माहीत होते पण त्याने वापरले नाहीत, असे शब्द निदान ३५,००० तरी असावेत. आणि आज तुझ्या विषयातले लोक मातीतले प्रकार मोजताना याच घराण्यातली सूत्रं वापरतात. अ‍ॅन चाओ यांचं १९८४ सालचं सूत्र तूही वापरलं असशील.

आता तुझ्यासमोर साहित्याचा प्राध्यापक बसला आहे असं समज. त्याला बशी, माध्यम, जनुकांचे तुकडे यांतून न्यायची गरजच नाही. त्याला एवढंच विचार, की एखाद्या कवीच्या उपलब्ध कवितांवरून त्याला एकूण किती शब्द येत होते हे कसं सांगाल? त्याला घाम फुटेल तिथे तुझं काम सुरू होतं. यात तू काहीही पातळ केलेलं नाहीस.

दुसरी गोष्ट शब्दांची. अवघड शब्दांची मला फारशी भीती वाटत नाही, त्यांचा अर्थ लोक विचारतात. घात करतात ते ओळखीचे शब्द. तू ‘कल्चर तीन दिवसांत तयार होतं’ म्हणशील तेव्हा समाजशास्त्राची मुलगी दचकेल. ‘वेक्टर’ म्हटलं की गणितवाल्याला बाण दिसतो आणि वैद्यकातल्या माणसाला डास. ‘डिप्रेशन’ हवामानवाल्यांचं वेगळं, अर्थशास्त्राचं वेगळं, मानसोपचाराचं वेगळं. माझा स्वतःचा शब्द ‘सिग्निफिकंट’. आम्ही तो म्हणतो तेव्हा ‘हा फरक निव्वळ योगायोगाने पडणं कठीण’ एवढंच म्हणायचं असतं आणि ऐकणारा ‘महत्त्वाचा’ असं ऐकतो. असे शब्द आपल्याला स्वतःला दिसत नाहीत. म्हणून बोलायच्या आधी दुसऱ्या विभागातल्या एका मैत्रिणीला समोर बसव आणि सांग, जिथे समजणार नाही तिथे हात वर कर. ती कुठे हात वर करेल याचा तुझा अंदाज आधी कागदावर लिहून ठेव. तो चुकेल.

तो का चुकतो यावर एक प्रयोग आहे. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधासाठी केला होता. काही जणांनी प्रसिद्ध गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची, समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी तरी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं आणि समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. तीन वर्षं एका विषयात बुडालेल्या माणसाचं भाषण असंच असतं.

आणि स्लाइडवर आकृत्या दाखवण्यापेक्षा काहीतरी हातात घेऊन जा. विनोग्राडस्कीची बाटली केलीस तर? तळ्याकाठचा चिखल, त्यात कागदाचे तुकडे आणि अंड्याचा बलक घालून पारदर्शक बाटली काही आठवडे उजेडात ठेवायची. हळूहळू वर हिरवा थर, मध्ये जांभळट, खाली काळा कुळकुळीत. तुला हे पहिल्या वर्षाचं वाटेल. पण पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत ती बाटली हातोहात फिरेल तोवर प्रत्येकाच्या मनात निदान एक प्रश्न तयार झालेला असेल. बोलणं त्यानंतर सुरू कर.

प्रश्न : मी निवृत्त शास्त्रज्ञ आहे. तुमचा उत्साह समजतो, पण संशोधन हे एका विषयात खोल गेल्यानेच होतं. पंधरा मिनिटांच्या गप्पांतून कुणाला काही मिळाल्याचं ठोस उदाहरण आहे का? की ही सुशिक्षितांची करमणूक?

खोल जाण्याबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. वरवरच्या दोन माणसांना एकत्र बसवून काहीच होत नाही. पण खोल गेलेल्या माणसाला शेजारच्या विहिरीत काय आहे ते कळायला वर यावंच लागतं.

१९७२ मध्ये ह्यू माँटगोमेरी हा तरुण गणिती प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये आला होता. रीमान झीटा फलनाच्या शून्यांमधली अंतरं कशी विखुरलेली असतात, यावर त्याचं काम चालू होतं. मूळ संख्यांशी जोडलेला, शुद्ध गणितातला अतिशय अवघड प्रश्न. दुपारी चहाच्या वेळी गणिती सर्वदमन चावला यांनी त्याची फ्रीमन डायसन यांच्याशी ओळख करून दिली. डायसन भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी सहज विचारलं, सध्या काय करतोस? माँटगोमेरीने सूत्र सांगितलं आणि डायसननी ते ओळखलं. जड अणुकेंद्रकांच्या ऊर्जापातळ्या समजून घेण्यासाठी भौतिकशास्त्रात ज्या यादृच्छिक सारण्या, म्हणजे योगायोगाने भरलेले आकड्यांचे चौकोन, वापरत, त्यांच्यातही नेमकं हेच सूत्र येत होतं. दोघेही आपापल्या विषयात तळापर्यंत गेलेले होते. संभाषण काही मिनिटांचं होतं, आणि त्यातून निघालेल्या प्रश्नांवर गणितात आजही काम चालू आहे.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात घाई नाही. ए. ई. डग्लस हे खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचं सुमारे अकरा वर्षांचं चक्र पृथ्वीच्या हवामानावर उमटतं का, हे त्यांना बघायचं होतं आणि जुन्या हवामानाच्या नोंदी नव्हत्या. म्हणून ते झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजायला लागले. पावसाच्या वर्षी जाड, कोरड्या वर्षी बारीक. पुरातत्त्ववाल्यांना हे कळल्यावर त्यांनी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या प्राचीन वस्त्यांमधली लाकडं त्यांच्याकडे आणली. जिवंत झाडांपासून मागे जाणारी एक मालिका होती आणि वस्त्यांमधल्या लाकडांची दुसरी, सुटी. मध्ये खिंड. १९२९ मध्ये एका जळक्या तुळईने ती खिंड भरली आणि त्या वस्त्यांना अचानक खरी सालं मिळाली. सूर्याचे डाग शोधायला निघालेला माणूस घरांच्या बांधणीची सालं देऊन गेला.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. मी एक वही ठेवते. तारीख, वक्ता आणि ज्या प्रश्नापाशी वक्ता थांबला तो प्रश्न, एवढंच त्यात असतं. अठरा वर्षांत या वहीतून संयुक्त शोधनिबंधापर्यंत पोचलेल्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्या नोंदींचं काय झालं हे मी सांगू शकत नाही, आणि तसा दावाही करत नाही. पण वक्ता ज्यापाशी थांबला असे प्रश्न जवळपास प्रत्येक पानावर आहेत, आणि ते त्याच्या स्वतःच्या विभागात त्याला कुणी विचारले नव्हते.

प्रश्न : मी साहित्य शिकवतो. आमच्याकडेही अशी बैठक आहे. विज्ञानवाले बोलतात तेव्हा प्रश्नांचा पाऊस पडतो. आम्ही बोललो की ‘छान झालं’ म्हणून टाळ्या आणि शांतता. आम्हाला केवळ शोभेसाठी बोलावतात असं वाटू लागलं आहे.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण आमच्याकडेही सुरुवातीची दोन-तीन वर्षं असंच होतं आणि ते माझ्या लक्षात यायला उशीर झाला. त्या शांततेचा अर्थ कंटाळा असा घेऊ नका. मानव्यशाखेचे लोक पूर्ण झालेला युक्तिवाद घेऊन येतात. तो इतका रेखीव असतो की बाहेरच्याला हात घालायला फट सापडत नाही. विज्ञानवाला निदान एक आलेख दाखवतो आणि आलेखातला एखादा ठिपका बाजूला पडलेला असतो. त्या ठिपक्यावर बोट ठेवता येतं.

म्हणून मी इतिहासाच्या एका विद्यार्थ्याला म्हटलं, तुझं प्रकरण आणू नकोस, तुझी नोंदवही आण. जुन्या मृत्यूनोंदींवर त्याचं काम होतं. त्याने एकाच पानाचा मोठा फोटो लावला. वळणदार अक्षर, शाई तपकिरी झालेली, एका रकान्यात नावं, दुसऱ्यात वय, तिसऱ्यात कारण. मग सगळ्या नोंदींतली वयं मोजून केलेला आलेख फळ्यावर खडूने काढला. चाळीसवर उंच मनोरा, एकेचाळीसवर जवळजवळ काही नाही. पंचेचाळीसवर बेताचा, पन्नासवर पुन्हा मनोरा, साठवर त्याहून मोठा. तो म्हणाला, या वयांना माणसं एवढी का मरत होती ते मला कळत नाही. एखादी साथ असावी असा मी मसुद्यात अंदाज केला आहे.

मी गप्प बसले, कारण याचं उत्तर माझ्या विषयात आहे आणि माझा नियम आहे की जाणकाराने पहिली दहा मिनिटं बोलायचं नाही. आधी भाषाशास्त्राच्या मुलीने विचारलं, वय सांगितलं कुणी? मेलेल्या माणसाने तर नाही. मग विधी विभागातल्या एकाने विचारलं, लिहिणाऱ्याला वयाचा पुरावा मागायचा अधिकार होता का? मुलगा फळ्याकडे बघत उभा राहिला. ‘म्हणजे ही वयं त्यांची नाहीत,’ तो म्हणाला, ‘हा सांगणाऱ्याचा अंदाज आहे.’ त्यानंतर मी बोलले. लोकसंख्याशास्त्रात याला वयाचा ढीग होणं म्हणतात. माणसं वय शून्यावर किंवा पाचावर आणून सांगतात. जनगणनेत हे मोजायला व्हिपल निर्देशांक आहे. २३ ते ६२ या वयांतले शून्य आणि पाचाने संपणारे किती, हे बघायचं. कुणीच गोळाबेरीज करत नसेल तर निर्देशांक १०० येतो, सगळेच करत असतील तर ५००.

मुलाचा चेहरा पडला. साथीचं अख्खं प्रकरण गेलं. तेव्हा अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका मागून म्हणाल्या, फेकून देऊ नकोस, आर्थिक इतिहासात हाच ढीग मोजून लोकांना आकड्यांची सवय कितपत होती याचा अंदाज घेतात. जिथे वह्या आहेत पण साक्षरतेची मोजणी नाही, तिथे हा एकच धागा हाती असतो. त्या मुलाच्या प्रबंधात आता साथीच्या जागी हे प्रकरण आहे. हे सगळं चाळीस मिनिटांत झालं. आणि तो पूर्ण झालेलं प्रकरण वाचून दाखवता तर आम्ही सगळ्यांनी छान झालं म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या.

तुम्ही साहित्यातले, तर एकाच कवितेच्या चार हस्तलिखितांतले पाठभेद घेऊन जा आणि विचारा, कुणाची नक्कल कुणावरून झाली? जीवशास्त्रवाले जागेवर बसणार नाहीत. नकलांमधल्या चुका आणि जनुकांमधले बदल एकाच रीतीने पुढे जातात. १९९८ मध्ये चॉसर या चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवीच्या एका कथेच्या प्रस्तावनेच्या ५८ हस्तलिखितांची वंशावळ जीवशास्त्रातल्या पद्धतीने काढली गेली आणि ती ‘नेचर’ मध्ये छापून आली.

प्रश्न : मी आमच्या विद्यापीठात अशी बैठक चालवते. सुरुवातीला साठ जण येत, आता अकरा येतात. वरिष्ठ म्हणतात, मोठ्या नावाचे पाहुणे बोलवा किंवा हजेरी सक्तीची करा, प्रमाणपत्र द्या. तुमचं मत?

तिन्ही करू नका. सक्ती तर मुळीच नको. सक्तीने आलेला माणूस मागच्या रांगेत मोबाईल बघत बसतो आणि त्याला बघून पुढच्या रांगेतला वक्ता घाई करायला लागतो. मोठ्या पाहुण्याला लोक ऐकायला येतात, विचारायला येत नाहीत. ‘मला हे कळलं नाही’ असं त्याच्यासमोर कोण म्हणणार?

अकरा ही चांगली संख्या आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये ल्यूनार सोसायटी म्हणून एक मंडळ होतं. जेम्स वॉट वाफेच्या इंजिनाचा, जोसेफ प्रीस्टली रसायनाचा, जोसाया वेजवुड मातीच्या भांड्यांचा, इरॅस्मस डार्विन आणि विल्यम विदरिंग हे दोघे वैद्य. सगळे मिळून डझन-चौदाच्या वर कधी गेले नाहीत. पौर्णिमेच्या जवळच्या सोमवारी ते जमत, म्हणजे परत जाताना रस्त्यावर चांदणं असे. मला त्यांचा तो ठरलेला दिवस महत्त्वाचा वाटतो. तुमच्या बैठकीचा वार आणि वेळ कधी बदलली आहे का, हे आधी बघा. आमची उपस्थिती एका वर्षी अशीच घसरली होती आणि त्याचं कारण एवढंच होतं, की सभागृह मिळत नाही म्हणून मी वार तीनदा हलवला होता. नंतर साधा वर्ग घेतला, पण बुधवार सोडला नाही.

आणि एक करून बघा. पहिला प्रश्न वक्त्याच्या विभागाबाहेरच्याने विचारायचा, दुसरा विद्यार्थ्याने. त्याच विषयातल्या जाणकारांनी शेवटी. हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगायचं, दर वेळी सांगायचं. जाणकार आधी बोलला की चर्चा दोन माणसांची होते आणि बाकीचे नऊ पुढच्या खेपेला येत नाहीत.

प्रश्न : तुम्ही ‘अपुरं काम घेऊन या’ असं लिहिलंत. पण न छापलेलं काम उघड सांगितलं आणि कुणी उचललं तर? माझ्या मित्राच्या बाबतीत हे झालं आहे.

तुमच्या मित्राच्या बाबतीत झालं ते चूकच आहे, आणि ‘असं काही होत नसतं’ असं सांगून मी तुमची भीती उडवून लावणार नाही. प्रश्न सांगा, पद्धतीतली जी गोष्ट केवळ तुमची आहे ती आणि अंतिम आकडे राखून ठेवा. अडचण समजायला त्यांची गरज पडत नाही. बोलण्याआधी मार्गदर्शकांशी आणि सोबतच्या संशोधकांशी बोला, कारण काम एकट्याचं नसतं. पेटंट घ्यायचा विचार असेल तर अर्ज दाखल होईपर्यंत अजिबात बोलू नका. अनेक देशांत आधी जाहीर झालेली गोष्ट नवी धरली जात नाही, आणि पंधरा जणांची बैठकही जाहीर ठरू शकते. रुग्णांची किंवा मुलाखती दिलेल्या माणसांची ओळख लागेल असं काहीही दाखवायचं नाही, याला अपवाद नाही.

आमच्याकडे फोटो काढणं आणि ध्वनिमुद्रण बंद आहे. शिवाय १९२७ पासून चालत आलेला, लंडनमधल्या चॅटम हाउस या संस्थेचा नियम आम्ही घेतला आहे. ऐकलेली माहिती वापरता येते, पण कोण बोललं ते बाहेर सांगायचं नाही. आमची त्यात एक भर आहे: एखाद्याचा न छापलेला विचार स्वतःच्या कामात वापरायचा असेल तर आधी त्याला जाऊन भेटायचं. माझ्या वहीतली तारीख वक्त्याच्याच उपयोगी पडते. त्या दिवशी कोणी काय प्रश्न मांडला याची ती नोंद आहे.

प्रश्न : मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी आणि डागडुजी करतो. शिक्षण बारावी. अशा बैठकीला आमच्यासारख्यांनी नुसतं ऐकायला यायला हरकत नाही ना? कुणाला विचारायचं?

दादा, नुसतं ऐकायला येऊ नका, बोलायला या. परवानगी कुणाची लागत नाही. तरी संकोच वाटत असेल तर जे बैठक सांभाळतात त्यांना हे पान दाखवा.

तुम्हाला जे रोज दिसतं ते रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या पोरांनी पाहिलेलं नसतं. दोनशे वर्षांपूर्वीचं चिंध्यांच्या लगद्याचं पुस्तक उघडलं तर पान अजून मऊ असतं आणि सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं पुस्तक हातात चुरा होतं, हे त्यांना खरंही वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला. त्यावर शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळ वापरत, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे धागे आतून तोडत राहतं. रसायनशास्त्रात हे एका ओळीचं समीकरण आहे. इतिहासवाल्यांसाठी मात्र यात कुठल्या काळातले कागद आधी नष्ट होणार, याचं उत्तर आहे, आणि माझ्यासाठी हजारो पुस्तकांतली नेमकी कुठली तपासायची हा नमुना निवडीचा प्रश्न. लाख पुस्तकांच्या ग्रंथालयात दुरुस्तीला आधी काय घ्यायचं हे तुम्ही आज कसं ठरवता, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

येताना रद्दीत काढलेलं एक जुनं पुस्तक आणि एक त्याहून जुनं, पण चांगलं राहिलेलं, अशी दोन आणा. स्लाइड वगैरे काही नको. रद्दीतल्या पुस्तकाच्या पानाचा कोपरा तुम्ही करता तसा सगळ्यांसमोर पुढे दुमडा, मागे दुमडा, पुन्हा पुढे. कितव्या घडीला तुटतो ते मोठ्याने मोजा. मग दुसरं पुस्तक पहिल्या रांगेतल्या कुणाच्या तरी हातात द्या आणि त्याला पान उलटायला सांगा.